द्राक्षेमारी

राकेश झुंबर गांगुर्डे याचा एम. ए.चा प्रकल्प अखेर समाजापर्यंत पोचला. दिंडोरीच्या शिवारात, गोरक्षअप्पाच्या बागेत, एका घडाला दोन पानं या हिशेबानं त्याचं प्रकाशन झालं आणि त्याच्या आईनं तो चारचौघींत मोठ्यानं वाचला.

पण ते जाऊ द्या. असं सरळ काही झालंच नाही. आपण थंडीपासून सुरू करू.

थंडी त्या साली अशी पडली की ठिबकच्या नळ्यांत सकाळी पाणी आखडायचं आणि बायांची बोटं दुपारपर्यंत दुसऱ्याची असल्यासारखी वागायची. गोरक्षअप्पाच्या बागेत मण्यात नुकती साखर भरू लागली होती. अशा वेळी पहाटेचा पारा उतरला की हिरवा मणी गुलाबी पडतो. माणूस थंडीनं गुलाबी पडला तर त्याचं कौतुक होतं, मणी पडला तर व्यापारी गाडीतून उतरतच नाही. यावर इलाज एकच. पोराला कुंची घालावी तसा प्रत्येक घडाला कागद गुंडाळायचा आणि वरून पीन मारायची.

आता सगळ्या तालुक्याच्या घडांना एकदमच कुंच्या पाहिजे झाल्या, त्यामुळे रद्दी संपली. नाशिकची संपली, ओझरची संपली. अप्पा बांधावर उभे राहून फोनवर ओरडत होते, "पेपरच कोणी घेत नाय रे आता! समद्या बातम्या मोबाईलमधी. मंग काय, घडाघडाला मोबाईल बांधू का?"

तिसऱ्या दिवशी सनीची पिकअप आली. सनी आणि राकेश दहावीपर्यंत एका बाकावर होते. दहावीनंतर सनी कागद विकत राहिला आणि राकेश कागद काळे करत राहिला. दोघांत बरं कोणाचं चाललंय हे पिकअप पाहून कळत होतं.

"अप्पा, पेपर नाय भेटला, पण एक नंबर माल आणलाय," सनी फाळका पाडत म्हणाला. "कॉलेजचा हे. त्यांच्याकडं तपासणीची कमिटी येऊ राह्यली, म्हणून वरची खोली मोकळी केली."

कमिटीला ज्ञान दाखवायचं होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून जुनं ज्ञान सनीला वजनावर दिलं होतं. गठ्ठे बांधावर पडले. प्रॅक्टिकलच्या वह्या, नोट्सच्या झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्स, प्रश्नसंच, स्पायरलचे प्रकल्प. इतिहास इतका फिका उमटला होता की कोणतं शतक चालू आहे ते कळत नव्हतं.

राकेश त्या वेळी वेलींच्या मांडवाखाली हात वर करून उभा होता. एम. ए. होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. तासिका तत्त्वावर बोलावतो असं कॉलेजनं सांगितलं होतं आणि तत्त्व म्हणून ते अजून पाळलं नव्हतं. बागेतल्या मजुरांच्या टोळीत बाया कमी पडल्या तेव्हा आई, लताबाई, एवढंच म्हणाली, "घरी बसून मान मोडण्यापरीस बागेत मोड." तेव्हापासून तो टोळीत होता. टोळीची मुकादम प्रतिभाकाकू. तिची पुतणी सृष्टी बारावीला नापास होऊन आलेली. बाकी वस्तीतल्याच बाया, अंगात नवऱ्यांचे शर्ट, तोंडाला स्कार्फ. सगळ्या त्याला सर म्हणत. कॉलेजात कोणी म्हणालं नव्हतं, ती कसर इथं भरून निघत होती.

"सर, घडाकडं बघा. परीक्षेला बसल्यागत खाली काय बघता?"

"काकू, मान दुखतीय."

"शिकलेली मान हे, वर व्हायची सवय आसंल की!"

बाया हसल्या. लताबाई पण हसली, पण तिचं हसणं थोडं वरचं होतं. कारण टोळीत तिचा एक वट होता, आणि तो राकेशमुळं होता. आपल्या पोरानं आपल्यावर पुस्तक लिहिलंय, त्यात टोळीतल्या समद्या बायांची नावं हायेत, असं तिनं अख्ख्या वस्तीत सांगून ठेवलं होतं. ते पुस्तक घरी आणून बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेव, म्हणून ती वर्षभर त्याच्या मागं होती. "ते कॉलेजात जमा असतं आई, बाहेर देत नाहीत," असं तो म्हणायचा.

आता कॉलेजनं ते बाहेर दिलं होतं.

प्रतिभाकाकूनं गठ्ठे सोडले आणि कागद अंगठ्यात धरून तपासायला लागली. "हे अर्थशास्त्र पातळ हे. दवानं फाटंल. शेकोटीकडं टाक. ही रसायनाची वही बरी, पुठ्ठ्यावाणी हे. मानसशास्त्र पाठपोट छापलंय, ते वरच्या ओळीला."

एक अडचण होती. पेपरचं पान मोठं, मऊ, घडाला कुशीत घेतं. हा पांढरा कागद आखूड आणि ताठ. एका पानात घड मावेना. दोन पानं जोडावी लागली, त्यामुळे ज्या घडाच्या डाव्या अंगाला बेडकाची पचनसंस्था होती त्याच्याच उजव्या अंगाला पंचवार्षिक योजनेचं अपयश होतं. कागद आधी मुठीत चुरगाळून मऊ करायचा, मग लावायचा. बाया भराभर विषय चुरगाळू लागल्या.

लताबाईचा हात एका पानावर थांबला. तिनं पान डोळ्यांजवळ नेलं, ओठ हलवले, आणि ते न चुरगाळता घडी घालून पिशवीत टाकलं.

"काय गं ते?"

"घटनेचं पान हे. मूलभूत हक्क. ते नाय गुंडाळायचं."

राकेशनं हे ऐकलं, पण त्याच्या डोक्यात ते शिरलं नाही. त्याचं डोकं दुसरीकडं होतं. तिसऱ्या गठ्ठ्यातून एका काळ्या स्पायरलचा कोपरा बाहेर आला होता आणि त्यावर सोनेरी अक्षरांत 'दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष मज' एवढं दिसत होतं.

पुढचं 'मजूर स्त्रियांची सामाजिक-आर्थिक स्थिती : एक अभ्यास' असं होतं. ते त्याला न वाचता माहीत होतं. आत काय होतं तेही माहीत होतं, म्हणून थंडीत त्याच्या पाठीला घाम फुटला.

झालं होतं असं. प्रकल्प जमा करायची तारीख उद्यावर आली आणि राकेशकडं फक्त विषय होता. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं तयार प्रकल्प मिळत. द्राक्षांवरचा नव्हता, रत्नागिरीच्या मच्छीमार स्त्रियांवरचा होता. "काय फरक पडतो भो," झेरॉक्सवाला म्हणाला, "बाया त्याच, कष्ट तेच. शब्द बदलून घे." मग राकेशनं कॉम्प्युटरला हुकूम दिला : रत्नागिरीच्या जागी दिंडोरी कर, मच्छीमारच्या जागी द्राक्षमजूर कर, आणि 'मास' दिसेल तिथं 'द्राक्ष' कर. त्याला वाटलं, एका दगडात मासा, मासे, मासळी सगळे पक्षी पडतील. पडले. पण त्याबरोबर मासिक उत्पन्न द्राक्षिक उत्पन्न झालं, चातुर्मासाचा चातुर्द्राक्ष झाला आणि मासेमारीची द्राक्षेमारी झाली. शिवाय मराठी व्याकरण असं की 'मासा'ला प्रत्यय लागला की त्याचा 'माशा' होतो. तिथं कॉम्प्युटरच्या जाळ्यातून मासा सुटला. म्हणजे बाया द्राक्षे पकडत आणि माशांना मीठ लावत. समुद्र सकाळी काढू म्हणून ठेवला होता, तो राहिलाच.

बाहेरच्या परीक्षकांनी पहिल्या पानावर 'मौलिक' असं लिहून सही केली होती.

हे सगळं एक वेळ हसण्यावारी गेलं असतं. पण मागं परिशिष्ट होतं. मुलाखती घेतलेल्या बायांची खरी नावं द्या, असं कॉलेजचं म्हणणं होतं. राकेशनं वस्तीतल्या बायांची नावं आठवतील तशी घातली. पुढची उत्तरं मात्र रत्नागिरीचीच ठेवली, नाहीतर टक्केवारी हलली असती. मग सगळ्या बायांच्या नावानं सह्याही त्यानंच केल्या, डाव्या हातानं, वेगवेगळ्या वाटाव्यात म्हणून.

आणि हे पुस्तक आता टोळीच्या हातात पडणार होतं.

"काकू, हा गठ्ठा मी घेतो," राकेश म्हणाला. "विहिरीकडच्या ओळी एकटा करतो."

"एकटा?" प्रतिभाकाकूनं स्कार्फ खाली ओढून त्याच्याकडं पाहिलं. "ताप आलाय का सर?"

राकेशनं स्पायरलची तार ओढून काढली आणि जन्मात केलं नव्हतं असं काम केलं. एक एक पान चुरगाळायचं, छापील बाजू आत करायची, खट खट पिना मारायच्या. प्रस्तावना गेली. संशोधन पद्धती गेली. गृहीतकं दोन घडांत संपली. पीन बोटात घुसली तरी त्यानं पाहिलं नाही. परिशिष्ट त्यानं अगदी आतल्या अंगाच्या घडांना लावलं, तिथं मान वाकडी केल्याशिवाय कोणाची नजर जात नाही. अप्पा तिकडून गेले तेव्हा उभे राहिले.

"लताबाई! पोरगं कामाचं निघालं की गं!"

"मंग! त्यो मनावर घेत नाय, नायतर..." लताबाई लांबून म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. दोन डिग्र्यांना झाला नव्हता एवढा.

राकेशला वाटलं, आता सुटलो. द्राक्षं निघतील तोवर दव आणि उन्हानं शाई उडेल, काढणीला कागद फाटून मातीत जाईल. एम. ए. झाल्यापासून त्याला आपल्या शिक्षणाचा शेवट एवढा स्वच्छ दिसला नव्हता.

पण ताठ कागदाला पीन धरत नाही. हे बायांना माहीत होतं, म्हणून त्या कागदाला चांगला मळून मग दोन ठिकाणी टोचत. राकेश घाईत होता. जेवायच्या वेळेला गार वारा सुटला आणि विहिरीकडच्या ओळीतून पानं एकेक करून सुटी व्हायला लागली. बाया जिथं भाकरी सोडून बसल्या होत्या तिथपर्यंत ती लोळत आली. सृष्टीनं एक पान पायाखाली धरलं, झटकलं, आणि चटणी ठेवायला पसरलं. मग तिची मान वाकडी झाली.

"अय्या! हे आपल्या दिंडोरीचं हे."

"काय हे?"

सृष्टी वाचायला लागली. "'दिंडोरीच्या किनारपट्टीवर द्राक्षे भरतीच्या वेळी मोठ्या संख्येने येतात. स्त्रिया पहाटे होड्या घेऊन द्राक्षेमारीस निघतात.'"

प्रतिभाकाकूच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"कोणत्या किनाऱ्याला गं? पालखेड धरणाच्या?"

"'वादळी हवामानात जाळी फाटून द्राक्षे निसटून जातात. पकडलेल्या माशांना लगेच मीठ लावावे लागते.'"

एक बाई भाकरी बाजूला ठेवून मांडी थोपटत हसायला लागली. मग सगळ्याच. कोणाला ठसका लागला. प्रतिभाकाकू डोळे पुसत म्हणाली, "उद्यापासून अप्पाला सांगते, होडी दे म्हणावं! हात वर करून करून मेलो आम्ही, आन् हित्तं बसून जाळं टाकायचं होतं!"

"कोण गं हा येडा लिव्हणारा?"

"नाव नाय ह्या पानावर." सृष्टीनं वाऱ्यानं आलेलं दुसरं पान उचललं. "ह्याच्यात नावं हायेत. 'उत्तरदाती क्रमांक पाच, प्रतिभा...' काकू! तुझं नाव हे!"

हसणं थांबलं. एकेकीनं वळून राकेशकडं पाहिलं. राकेश डब्यातल्या पिठल्याकडं पाहत होता. पिठल्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

लताबाईचा चेहरा मात्र उजळला होता. तिला अजून कळलं नव्हतं, किंवा कळूनही तिनं ते बाजूला ठेवलं होतं. वर्षभर जे मागत होती ते आलं होतं. "राक्या, हेच का रे ते? तुझं पुस्तक?" तिनं हात पदराला पुसले. "माझं हे का गं सृष्टे? वाच ना माझं."

सृष्टीची नजर ओळीवरून गेली आणि अडकली. तिनं राकेशकडं पाहिलं. पोरगी बारावीला नापास झाली होती, पण त्या नजरेत राकेश पहिलीपासून सगळ्या इयत्तांत एकदम नापास झाला.

"हे की लताकाकू," सृष्टी म्हणाली. "'क्रमांक सात, लताबाई झुंबर गांगुर्डे. शिक्षण...' शिक्षण चांगलं झालंय म्हणून लिव्हलंय. 'स्वभावानं हुशार.'"

"एवढंच?"

"एवढंच."

"आन ती ओळ तर लांब दिसती." लताबाईनं पान तिच्या हातातून घेतलं.

"आई, राहू दे. चष्मा नाही तुझ्याजवळ," राकेश म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं पहिलं खरं वाक्य होतं.

तिनं पान हातभर लांब धरलं. मग उन्हाकडं वळवलं. चिकानं काळं पडलेलं बोट ओळीखाली ठेवलं आणि शाळेत वाचायला उभं केल्यावर लावतात तसा आवाज लावून ती वाचायला लागली.

"ल-ता-बाई झुंबर गां-गुर्डे. वय... हे चुकीचं हे, जाऊ दे. शिक्षण." बोट पुढं सरकलं. "नि... र... क्ष... निरक्षर."

तिनं ते नीट वाचलं. एक अक्षर चुकलं नाही. क्ष तर अगदी स्वच्छ उच्चारला.

मांडवात वारा फिरत होता आणि कागद खडखडत होते. लताबाईनं बोट मागं नेऊन पुन्हा वाचलं, आपलंच चुकलं असेल असं वाटून. मग पुढं गेली. "मु-लां-च्या शिक्षणा-बाबत उ-दा-सीन. उदासीन म्हंजे काय रे?"

राकेशला सहा व्याख्या पाठ होत्या. "म्हणजे... शांत."

"उदास आसंल," लताबाई म्हणाली. "ते बरोबर हे. तुझी फी भरायची आली का मी लय उदास व्हायची." तिनं मान हलवली. "ते बरोबर लिव्हलंय."

प्रतिभाकाकूनं डब्याचं झाकण लावलं आणि ती उगाच पुन्हा लावत राहिली.

"आन ही सही कोणाची?"

"तुझी," राकेश म्हणाला.

"माझी अशी नाय."

पान घडी घालून तिनं पिशवीत टाकलं, घटनेच्या पानाशेजारी, आणि पुन्हा मांडवाखाली जाऊन हात वर केले. तिसऱ्या प्रहरी प्रतिभाकाकूनं विहिरीकडच्या ओळींना नव्यानं पिना मारायला लावल्या. आई आणि मुलगा एकाच ओळीत समोरासमोर आले. त्यानं धरायचं, तिनं टोचायचं. घड हातात घेताना ती तो असा तोलून धरायची की एक मणी दबत नव्हता. निरक्षर हे रत्नागिरीच्या कोणत्या बाईचं असेल, हा विचार राकेशच्या मनात पहिल्यांदाच आला. तीही कदाचित नसेल.

"आई, तू किती शिकलीस?"

खट. तिनं पीन मारली. "आता इचारतो का?"

प्रकल्प केला त्या दिवशी ती भिंतीपलीकडं भाकऱ्या थापत होती. नुसती हाक मारायची होती.

"सातवी पास," ती म्हणाली. "मोहाडीच्या शाळेत. हिंदीत पह्यली होते. सातवीनंतर नाव काढलं, तवा मास्तर घरी आले होते सांगायला, काढू नका म्हणून." खट. "त्यांनी नाय लिव्हलं कधी, मी निरक्षर हे म्हणून."

घरी आल्यावर उजेड होता तोवर ती ओट्यावर बसली. झुंबर, राकेशचा बाप, बैलगाडीचं जू दुरुस्त करत होता. त्यानं विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय नाय. पोराला अर्ज लिव्हायचाय." लताबाईचा अर्जावर विश्वास होता. वस्तीत नळ आला तो तिच्या अर्जानं, सात वर्षांनी आला पण आला.

"आई, आता काही होणार नाही. निकाल लागून गेला. प्रकल्पसुद्धा तिथं नाही, तो आपल्याच..."

"तू लिव्ह."

"काय लिहू?"

"मला निरक्षरमधून काढून सातवीत घाला म्हणावं. ते उदासचं राहू द्या." तिनं कोरा कागद त्याच्यापुढून आपल्याकडं ओढला, पेन घेतलं, आणि अगदी खाली, उजव्या हाताला, सावकाश, वळणदार अक्षरात लताबाई झुंबर गांगुर्डे अशी सही केली. 'डे'ची मात्रा तिनं पुन्हा गिरवली. मग कागद परत सरकवला.

"आधी सही घे. मागून मजकूर लिव्ह. तुला तशीच सवय हे."

राकेशनं मान खाली घातली आणि तिच्या सहीच्या वर मोकळ्या राहिलेल्या जागेत लिहायला लागला.

प्रति,
मा. विभागप्रमुख, समाजशास्त्र विभाग.

विषय : उत्तरदाती क्र. ७ यांना 'निरक्षर' या रकान्यातून 'सातवी पास' या रकान्यात हलवणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपल्या विभागाने 'मौलिक' म्हणून मान्य केलेल्या प्रकल्पात अर्जदार हिला निरक्षर दाखवण्यात आले असून तिने ते स्वतः वाचले आहे. सदर प्रकल्पाची मूळ प्रत मौजे दिंडोरी येथील बागेत विहिरीकडील ओळींत घडांस लावलेली असल्याने काढणी होईपर्यंत सादर करता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व. तरी मेहेरबान साहेबांनी समक्ष बागेत येऊन, घड न दुखवता, प्रकल्प तपासून, वाऱ्याने सुटून अर्जदाराच्या पिशवीत आलेले संबंधित पान उलगडून, अर्जदाराच्या नावापुढील नोंद तिच्यासमोर दुरुस्त करावी. त्यायोगे टक्केवारीत जो फरक पडेल तो पाडावा. आणि ज्या संशोधकाने तिला विचारले नाही त्यास, तिने सांगितलेले लिहून घेता येते काय, याची परीक्षा सातवीच्या वर्गात बसवून नव्याने घ्यावी, ही नम्र विनंती.